रिकाम्या पोटाची मरळ

दौलत, आपलं भांडण अर्धं राहिलं आणि तू गेलास. काम अर्धं टाकणं तुझ्या स्वभावात नव्हतं. कापसाच्या जिनिंगमधलं एखादं मशीन उघडलंस की ते पुन्हा फिरेपर्यंत तू भाकरीचं फडकं सोडत नव्हतास. म्हणून तुझ्या जाण्याचा मला आधी राग आला, रडू नंतर आलं. क्रमाने सांगतो आहे, कारण मी गणिताचा मास्तर आहे आणि क्रम माझ्याने सुटत नाही.

तुझ्या मेव्हण्याचं कार्ड मला अकोल्याला मिळालं, तेव्हा तुला जाऊन चार दिवस झाले होते. पुण्यानुमोदनाला मी अमरावतीला आलो. मांडवात तुझ्या कारखान्यातली माणसं बोलली. तू कुठे जन्मलास, कधी कामाला लागलास, किती सालस होतास, सगळं त्यांनी सांगितलं आणि त्यात काही चूक नव्हती. माशांचा विषय मात्र कुणी काढला नाही. मग मला बोलायला सांगितलं. मी उठलो, ‘दौलत माझा मित्र होता’ एवढं म्हणालो आणि बसलो. पन्नास पोरांच्या वर्गात तास संपल्याची घंटा झाली तरी न थांबणारा मी, आणि मला दुसरं वाक्य सापडेना. तुझ्या थोरल्या मुलाने पाणी आणून दिलं. त्याला वाटलं, मास्तरांना दुःखाने बोलवत नाही. दुःख होतंच, पण खरं कारण वेगळं होतं. मी तुझ्याशी वर्षभर बोललेलो नव्हतो, आणि त्याचं मूळ माझ्याच एका वाक्यात होतं. ते वाक्य मला परत घ्यायचं होतं. तुझ्या तोंडावर घ्यायचं होतं. आता लिहूनच घ्यावं लागणार.

त्याआधी जरा तलावावर जाऊ, कारण आपण सगळं तिथेच बोललो.

मी अमरावतीला शिकवत होतो तेव्हा, पंचावन्नच्या उन्हाळ्यात, चांदूर बाजारच्या रस्त्यावरच्या तलावाशी मी बांबूची काठी घेऊन बसलो होतो. कणकेच्या गोळ्या, बाजारातला गळ, आणि तीन रविवारांची निराशा. परतवाड्याच्या भिक्षुकाचा मुलगा मासे धरायला येतो म्हणजे त्याने निदान एकतरी धरावा, एवढी माझी माफक अपेक्षा होती. तू सायकल बाभळीला टेकवलीस, माझ्यापासून दहा हातांवर उकिडवा बसलास आणि अर्धा तास नुसता पाण्याकडे बघत राहिलास. पाण्यात दोराच टाकेनास. मला राहवेना. मी विचारलं, मासे धरायला आलात की हवा खायला.

“बारीक पाहून राहिलो,” तू म्हणालास. “बारीक कुठी हाये ते समजलं का मोठी कुठी हाये ते समजते.”

मग तू बोटाने दाखवलंस. शिंगाड्याच्या वेली संपतात तिथे पाण्यावर हरभरे फुटल्यासारखे थेंब उडत होते. करंगळीएवढ्या पांढऱ्या माशांचा तो थवा होता आणि त्यांना खालून कुणीतरी हाकत होतं. तू खिशातून एक लहानसा पत्रा काढलास. तो पितळी चमचा होता, दांडी कापलेला, दोन्ही टोकांना भोकं पाडलेला, मागच्या भोकात गळ अडकवलेला. ओढला की पाण्यात माशासारखा हलायचा. लेथवर तू स्वतः लाकडाची चकरी करून काठीला बसवली होतीस, तिच्यावर मुंबईहून मागवलेला दोरा. तू तो चमचा थव्यात टाकला नाहीस, थव्याच्या काठाला टाकलास, बुडू दिलास आणि हळू, अडखळत ओढलास. दुसऱ्या खेपेला मरळ लागली. मी माझ्या कणकेच्या गोळ्या पाण्यात फेकून दिल्या. त्या दिवसापासून आपण मित्र झालो आणि त्याच दिवसापासून भांडायला लागलो.

भांडण एकाच प्रश्नाचं होतं: बारीक मासळीच्या थव्याजवळ कोणता चमचा टाकावा? माझं म्हणणं साधं होतं. हजार बारीक माशांत आपला चमचा एक. मोठीने नेमका तोच का उचलावा? म्हणून तो आकाराने मोठा हवा, झगझगीत हवा, चारचौघांत उठून दिसायला हवा. मी घरातून जर्मन सिल्व्हरचा चमचा लांबवून आणला आणि तुझ्याकडून भोकं पाडून घेतली. तो उन्हात असा चमकायचा की डोळे दिपत. तू भोकं पाडून दिलीस, हसू आवरलंस, आणि मग मला पंगतीचा दाखला दिलास.

“मास्तर, लग्नाच्या पंगतीत एखादा अनोळखी माणूस भरजरी फेटा बांधून बसला, तर वाढणारा त्याले आधी वाढते का आधी विचारते, तुमी कोणाकडले? वेगळं दिसलं पायजे, परकं नाई.”

तुझे चमचे त्या पांढऱ्या मासळीच्या मापाचे असायचे, केसभर कमी, पण जास्त नाही. पाणी नितळ असलं की तू चमचा चुलीच्या धुरावर धरून त्याची चमक मारायचास. पाणी गढूळ असलं की राखेने घासायचास. आणि प्रत्येकाचं एक टोक किंचित वाकवायचास, म्हणजे तो ओढताना लंगडायचा. कळपातलाच, पण मागे पडलेला, असा. तुझा सगळा शोध त्या लंगडण्यात होता. पहिल्या वर्षी तू मला सपशेल हरवलंस. मी वाऱ्याला दोष दिला, दोऱ्याला दिला, एकदा ग्रहणालाही दिला. दुसऱ्या वर्षी मी हार मान्य केली नाही, फक्त तुझे चमचे वापरायला लागलो. तू त्यावर अवाक्षर काढलं नाहीस. हे तुझं मोठेपण मी त्यावेळी गृहीत धरलं.

माझ्या माशांचं काय करायचं हा प्रश्न पहिल्याच मरळीला आला. घरी नेणं शक्यच नव्हतं. मी रविवारी कुठे जातो हे आईला माहीत होतं, पण ते घरात उच्चारायचं नाही असा अलिखित करार होता. मी मागच्या दाराने यायचो, विहिरीवर आंघोळ करायचो, मग स्वयंपाकघरात. तू म्हणालास, “द्या इकडं,” आणि मासे तुझ्या घरी गेले. मग तेच रीत झाली. रविवारी संध्याकाळी मी तुझ्या दारात दोरीला अडकवलेला मासा वहिनींच्या हातात द्यायचो आणि दारातूनच मागे फिरायचो. तुझ्या घरचा चहा प्यायला मला दीड वर्ष लागलं, हेही इथे लिहून ठेवतो. तू कधी आग्रह केला नाहीस, कधी टोमणाही मारला नाहीस. एका रविवारी मी आपणहून ओट्यावर बसलो आणि वहिनींनी कपबशी आणली. बस्स.

छप्पनला तू नागपूरहून दीक्षा घेऊन आलास. तुझ्या भिंतीवरच्या जुन्या तसबिरी उतरल्या, पोरांची शाळा पक्की झाली, चालण्यात एक ताठपणा आला. मला ते बघून बरं वाटलं आणि थोडी भीतीही वाटली, की आता हा पंचशील सांभाळेल आणि माझा रविवार जाईल. मी चिडवायला सुरुवात केली: प्राण्याची हत्या करायची नाही ना आता? तू चमच्याला गळ अडकवता अडकवता म्हणालास, “तुमी खात नाई अन् मारता. मी खातो अन् मारतो. दोघातून कोणाचं पाप जास्त, ते तुमच्या गणितानं काढा.” मी गणित काढलं नाही. उत्तर दिसत होतं.

मग पावसाळ्यात जिंकायची पाळी माझी यायची. खरं तर तुझा उन्हाळा आणि माझा पावसाळा अशी आपली वाटणीच झाली होती.

आषाढ-श्रावणात तलावाच्या काठाला, वेलींमधल्या मोकळ्या जागेत, लालभडक बारीक मासळीचे गोळे दिसायचे. एक एक गोळा टोपलीएवढा, वर उकळी फुटल्यासारखा. त्याच्याखाली हमखास मरळ असायची. तुझा धुरकट पितळी चमचा तिथे चालेना. मी लाल लोकर आणली, तू कारखान्यातला शेंदरी रंग आणलास, आपण चमचा लाल केला. मी तो गोळ्याशेजारी टाकला आणि मरळीने अशी धडक दिली की काठी हातातून सुटता सुटता राहिली. मी उभा राहून आरोळी ठोकली होती, आठवतं? माझा सिद्धान्त ठरला होता: जिथे लाल मासळी, तिथे ती खायला आलेली मोठी, आणि तिच्यासाठी लाल चमचा. वहीत तसं लिहिलं. नऊ पावसाळे लिहीत राहिलो. तारीख, वारा, पाण्याचा रंग, चमचा, मासा. पावसाळ्यात मी क्वचितच रिकाम्या हाताने परतायचो. पावसाळ्यापुरता तूही मला गुरू मानायचास.

त्या तलावाचा ठेका ज्याच्याकडे होता तो म्हातारा भोई एकदा जाळं वाळवता वाळवता म्हणाला होता, लाल गोळ्यापाशी गळ नका टाकू बाप्पा. आपण दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. त्याला आपले मासे वाचवायचे आहेत, असं मी तुला सायकलवर समजावलं, आणि तू मान डोलावलीस. आपण शिकलेले होतो ना. ज्याच्या चार पिढ्या त्या पाण्यात गेल्या त्याला विचारायचं आपल्याला सुचलं नाही. ही चूक आपल्या दोघांची होती. पुढची मात्र एकट्या माझी आहे.

गेल्या वर्षीच्या आषाढात तू मला सांगितलंस की वहिनींनी एक गोष्ट पाहिली आहे. मी जरा हसलोच असेन. तू सांगत राहिलास. उन्हाळ्यातल्या मरळी कापल्या की पोटात बारीक मासळी सापडते, कधी तीन, कधी सहा. पावसाळ्यात मी आणतो त्या मरळींचं पोट मात्र कोरडं असतं. दरवर्षी. एखादीच्या पोटात बेडूक, बस. वहिनींनी एवढी वर्षं कापलं होतं आणि त्यांच्या ते लक्षात होतं. त्यांना वाटायचं, आपल्या दोघांना माहीतच असेल. तू म्हणालास, मास्तर, लाल मासळी खायले ती आली असती तर पोटात लाल मासळी पायजे होती. मंग ती तिथं काहून असते?

मी म्हणालो, नुकतीच आली असेल, अजून खायची असेल. तू म्हणालास, नऊ वर्सं? प्रत्येक खेपेले?

मग तू तुझ्या लाल चमच्याचा गळ पक्कडीने काढून टाकलास. मी ओरडलोच. तू म्हणालास, एक दिवस नुसतं पाहू, मारू नाई. ती तोंड उघडते का, ते तरी दिसन. मी नको म्हणालो. पहाटे उठून, आठ कोस सायकल हाणून, गळ नसलेला चमचा पाण्यात टाकायचा? मी तुझ्या हातातला चमचा घेऊन काठावर ठेवला आणि माझा गळवाला टाकला. तू म्हणालास, “मास्तर, तिची पोरं असतीन ती.”

मी ऐकूनच घेतलं नाही. नऊ वर्षांची वही माझ्याकडे, दोनशे पानांची, आणि हा मला चुलीपुढची बातमी सांगतो. रागात मी शाळेतल्या मराठीवर जातो. मी म्हणालो, “पोटाचं तुम्ही बघा. डोक्याचं आम्ही बघतो.”

तेच ते वाक्य, दौलत. मी ते म्हटलं आणि मला लगेच कळलं की मी काय म्हटलं. ‘तुम्ही’ आणि ‘आम्ही’ हे शब्द माझ्या तोंडात आले कुठून, तेही कळलं. परतवाड्याच्या घरात मी ते जसेच्या तसे ऐकत वाढलो होतो, आणि मला वाटायचं मी ते केव्हाच टाकून दिलेत. तू माझ्याकडे पाहिलंस. दहा वर्षं तू मला ‘तुमी’ म्हणत आलास. त्या दिवशी पहिल्यांदा एकेरीवर आलास.

“दहा वर्सं तू माह्या घरी मासे देऊन राहिला,” तू म्हणालास. “एक तरी कापला काय?”

तू काठी बांधलीस आणि गेलास. मी तलावावर बसून राहिलो. मासाही धरला त्या दिवशी, काय सांगू. त्या संध्याकाळी पहिल्यांदा तो तुझ्या घरी न नेता वाटेतल्या एका पोराला दिला.

पुढच्या महिन्यात माझी अकोल्याला बदली झाली. किती सोयीची बदली! मी स्वतःला सांगितलं, आता बस, गाडी, नवी शाळा, वेळ कुठे मिळतो. कार्डं मी तीन लिहिली. पहिल्यात तब्येत विचारली आणि फाडलं. दुसऱ्यात मरळीच्या पोटाबद्दल चार आक्षेप लिहिले, तेही फाडलं. तिसऱ्यात ‘दौलत, मी त्या दिवशी’ एवढं लिहून थांबलो. ते कार्ड अजून माझ्याकडे आहे. मी फार ठाम माणूस आहे, चुकलो तर पद्धतशीर चुकतो, आणि माफी मागायची तर आधी सिद्धता पूर्ण हवी असं मला वाटत होतं. तू मात्र माझी वाट न बघता मेलास. यात तुझी चूक नाही, पण मला तुझा राग आला तो असा.

पुण्यानुमोदन आटोपून मी अकोल्याला परतलो आणि वही काढली. नऊ पावसाळे, माझंच अक्षर: ‘मरळ काढल्यावर गोळा पांगला.’ पुढच्या पानावर पुन्हा, ‘गोळा पांगला.’ आणि एके ठिकाणी, ‘पांगलेल्या लाल मासळीवर इतर मासे तुटून पडले, लाल रंग सर्वांनाच आकर्षक असावा.’ निरीक्षण अगदी बिनचूक होतं. पोरांना मी शिकवतो की आकडे खोटं बोलत नाहीत. बोलत नाहीत हे खरं, पण त्यांच्याशी बोलणाऱ्याचं काय!

गेल्या शनिवारी मी अमरावतीला आलो. रविवारी सकाळी सायकल मागून घेतली आणि तलाव गाठला. पाणी भरलेलं, वेली दाट. दोन तासांनी एक लाल गोळा दिसला, काठापासून पाच हातांवर. मी माझ्या लाल चमच्याचा गळ पक्कडीने काढला.

पहिल्यांदा चमचा गोळ्यापासून बराच दूर टाकला. काही नाही. थोडा जवळ टाकला, तरी काही नाही. तिसऱ्यांदा अगदी गोळ्याला लागून टाकला आणि ती खालून आली. धडक बसली, दोरा ताणला, सुटला. तोंड दिसलं नाही. पुन्हा टाकला. या खेपेला पाणी निवळलं होतं आणि मी वाकून पाहत होतो. दौलत, तिने तोंड उघडलंच नाही. बंद थोबाडाने तिने चमचा दोन हात बाहेर ढकलला, जरा थांबली, आणि माघारी फिरून गोळ्याखाली गेली. पांगलेली लाल पिलं आपोआप तिच्या डोक्यावर जमली. थोड्या वेळाने ती मरळींच्या रीतीने हवा घ्यायला वर आली, तशी पिलंही तिच्याबरोबर वर आली, आणि पाण्याला उकळी फुटली. ज्या उकळीकडे मी नऊ वर्षं चमचे फेकले ती ही.

मी आणखी एकदा टाकला नाही. पुराव्याला तेवढं पुष्कळ होतं. मी काठावर बसलो आणि रडलो, अगदी मोठ्याने, कारण ऐकायला कुणी नव्हतं. वहीतले ते सगळे ‘पांगला’ मला मोजता आले असते. मी ते मोजले नाहीत.

तू बरोबर होतास. मी हे वाक्य जन्मात कुणाला दिलेलं नाही, बायकोलाही नाही. तुला देतो आहे. उन्हाळ्याचंही देतो, सगळंच घे: वेगळं दिसावं, परकं दिसू नये. चमचा तुझ्याच मापाचा हवा.

पण तेवढं एक वाक्य तुला देऊन माझी सुटका नव्हती, हे तलावावरून परतताना माझ्या लक्षात आलं. पोटाचं पाहिलं होतं वहिनींनी. म्हणजे ‘पोटाचं तुम्ही बघा’ हे वाक्य खरं तर त्यांना लागत होतं. तू मधे होतास एवढंच.

म्हणून मी सरळ तुझ्या घरी गेलो. वहिनी ओसरीवर बसल्या होत्या. समोर बाजारातून आणलेल्या दोन मरळी आणि पायाखाली पावशी, मासे कापायची विळी. त्यांनी माझ्या रिकाम्या हातांकडे पाहिलं. मी पायरीवर उभ्या उभ्या सगळं सांगितलं: तलावावर काय पाहिलं ते, त्यांची गोष्ट खरी निघाली ते, आणि गेल्या आषाढात मी काय बोललो तेही, शब्द न बदलता. मला वाटत होतं की त्यांना ते केव्हाच माहीत असेल आणि वर्षभर त्या माझ्या नावाने बोटं मोडत असतील.

वहिनींनी पदराला हात पुसले.

“त्यायनं नाई सांगितलं मले,” त्या म्हणाल्या. “मले वाटे, बदली झाली म्हणून तुमी येत नाई. ते बी तेच म्हणत.” मग म्हणाल्या, “म्हंजे ते मले होतं.”

“हो,” मी म्हणालो. “तुम्हालाच होतं.”

तू ते वर्षभर पोटात ठेवलंस, दौलत. तुझ्या घरात माझं नाव खराब होऊ दिलं नाहीस. मांडवात तुझ्या थोरल्याने मला पाणी आणून दिलं ते त्यामुळेच. मी अकोल्यात बसून कार्डं फाडत होतो आणि तू इकडे माझी जागा राखून ठेवत होतास. याची परतफेड कशी करायची, मला माहीत नाही. गणितात ती रीत नाही.

मी वहिनींना म्हणालो, मला मासा कापायला शिकवा.

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं, गंमत करतो आहे की काय म्हणून. “तुमच्या घरी चालन काय?”

घरी मी सांगेन, मी म्हणालो. आईलाही सांगेन.

त्या सरकल्या. पावशी माझ्याकडे वळवली आणि एक मरळ माझ्या हातात दिली. इतकी वर्षं मी मरळ दोरीला धरून नेली होती. तळहातावर ती पहिल्यांदाच घेत होतो. जड होती आणि निसटत होती. मी पायाने पावशी दाबली, मासा पात्यावर धरला आणि थांबलो. दौलत, मरळीवर मी दोनशे पानं लिहिली आहेत आणि तिचं पोट कुठून उघडतात ते मला माहीत नव्हतं. मी वहिनींना विचारलं. त्यांनी माझा हात धरून जागा दाखवली.